पर्यावरण आणि शाश्वततेत पदव्युत्तर शिक्षण: अभ्यासक्रम निवडण्यापासून प्रबंध सादर करेपर्यंत

पर्यावरण या एका शब्दात फार काही मावतं. ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणारी, कारखान्याच्या उत्सर्जनाचा हिशोब मांडणारा, उपग्रहाच्या चित्रांवरून झाडांचं आच्छादन शोधणारा आणि पाणीवाटपाच्या नियमांवर लिहिणारी, या चौघांच्या पदवीवर थोड्याफार फरकाने एकच नाव असतं. त्यांची हत्यारं, त्यांचे परीक्षक आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुका मात्र निरनिराळ्या असतात. म्हणूनच "पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय" एवढ्या शिदोरीवर अर्ज भरणारे बरेचजण प्रबंधाच्या उंबरठ्यावर अडकतात. तळमळ खरी असते, पण प्रश्न ठरलेला नसतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. प्रश्न हाताच्या मापाचा झाला की अभ्यासक्रम कोणता, मार्गदर्शक कोण, काय मोजायचं आणि कशाने, ही पुढची कोडी बरीच लवकर सुटतात. त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीवर तोच धागा पकडून ठेवा.

## १. आधी शाखा ठरवा, विद्यापीठ नंतर

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. "शाश्वतता" हा शब्द व्यवस्थापन विभागाच्या पदवीतही असतो आणि अभियांत्रिकीच्याही. ढोबळमानाने चार वाटा आहेत.

- पर्यावरण विज्ञान: पाणी, हवा, माती, परिसंस्था. प्रयोगशाळा आणि क्षेत्रकार्य भरपूर. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि संख्याशास्त्राचा पाया लागतो.
- पर्यावरण अभियांत्रिकी: सांडपाणी प्रक्रिया, घनकचरा, हवा शुद्धीकरणाची यंत्रणा. गणित आणि द्रवगतिकीशिवाय निभाव लागत नाही.
- धोरण, कायदा, समाज: मुलाखती, दस्तऐवजांचं वाचन, अर्थशास्त्र. लेखन भरपूर.
- शाश्वतता व्यवस्थापन: कार्बनचा हिशोब, जीवनचक्र मूल्यांकन (एखाद्या वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत पर्यावरणावर होणारा परिणाम मोजणं), कंपन्यांचे अहवाल.

आवडीचे तीन-चार अभ्यासक्रम समोर ठेवा आणि माहितीपत्रकातली फक्त अनिवार्य विषयांची यादी वाचा. ऐच्छिक विषयांची यादी नेहमीच देखणी असते, पण त्यातले सगळे विषय दरवर्षी शिकवले जातातच असं नाही. अनिवार्य विषयांत संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र आहे का, ते पाहा. नसेल तर प्रबंधाच्या वेळी ते स्वतःच शिकावं लागेल.

मग प्रबंधाला किती श्रेयांक (क्रेडिट) आहेत ते बघा. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि १ श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. १५ श्रेयांकांचा प्रबंध म्हणजे जेमतेम ४०० तास. तेवढ्यात वर्षभराचं क्षेत्रकार्य बसत नाही. ३० श्रेयांक म्हणजे एक अख्खं सत्र. पुढे पीएच.डी. करायची असेल तर मोठा प्रबंध असलेला अभ्यासक्रम घ्या. नोकरीकडे ओढा असेल तर लहान प्रबंध आणि सोबत प्रकल्पकाम किंवा इंटर्नशिप असलेला चालेल.

एक सापळा इथेच सांगायला हवा. वाणिज्य, भाषा किंवा समाजशास्त्रातून येणाऱ्यांना "कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र" हे वाक्य दिलासा देतं. प्रवेश मिळतो, पण पहिल्याच सत्रात मोल, पीएच, लॉगरिदम, प्रतिगमन असे शब्द कानावर आदळतात आणि ते समजावून सांगायला कुणाकडे वेळ नसतो. प्रवेश पक्का झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे महिने त्यासाठीच वापरा. शाळेच्या वरच्या इयत्तांतलं रसायन आणि मूलभूत संख्याशास्त्र पुन्हा एकदा नीट केलं तरी पुरतं.

## २. कागदपत्रं

बहुतेक ठिकाणी हाच संच मागतात:

- पदवी प्रमाणपत्र, किंवा निकाल बाकी असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र
- सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि गुणांकन पद्धतीचा खुलासा
- दोन किंवा तीन शिफारसपत्रं
- हेतुपत्र, म्हणजेच एसओपी
- एक-दोन पानी सीव्ही
- शिकवण्याच्या भाषेचा दाखला. आयईएल्टीएस किंवा टोफेलचा निकाल २ वर्षंच ग्राह्य धरतात
- पासपोर्ट किंवा ओळखपत्र
- परदेशी जाणार असाल तर खर्चाच्या तरतुदीचा पुरावा

अर्ज अडतात ते बहुधा साध्या गोष्टींवर. पासपोर्टवर एक नाव, पदवीवर दुसरं, मधलं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर, यात आठवडे जातात. सगळे कागद एकदा शेजारी-शेजारी मांडून नावं ताडून पाहा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्राची सोय आधीच करा. मूळ कागद दुसऱ्या भाषेत असतील तर अधिकृत अनुवादकाचा शिक्का लागतो आणि त्यालाही वेळ जातो.

शिफारसपत्रासाठी किमान सहा आठवडे आधी विचारा. विचारताना नुसतं "पत्र द्याल का" असं न म्हणता सीव्ही, हेतुपत्राचा कच्चा खर्डा, त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाच्या चार ओळी आणि शेवटची तारीख सोबत द्या. विभागप्रमुखांच्या तीन ओळींच्या कौतुकापेक्षा, तुमचा प्रकल्प जवळून पाहिलेल्या अध्यापकाचं अर्ध्या पानाचं ठोस पत्र कितीतरी जड असतं.

शिष्यवृत्तीची मुदत बहुतेकदा प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते. दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहा आणि अलीकडची तारीख हीच खरी मुदत समजा.

## ३. हेतुपत्र

संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या आणि त्यांचीच २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं यांनी सुरुवात करू नका. वाचणाऱ्यांना ती पाठ असतात आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. वितळणारे हिमनग आणि तहानलेली पृथ्वी हेही टाळा.

पहिल्या परिच्छेदात एक नेमका प्रश्न ठेवा. "मला हवामानबदलावर काम करायचं आहे" याऐवजी "सेंद्रिय कचऱ्याचं कंपोस्ट करताना ढीग किती वेळा उलटला तर मिथेन कमी होतो, पण नायट्रस ऑक्साइड वाढत नाही, हे मला पाहायचं आहे" असं लिहिलं तर वाचणारा सावरून बसतो. पुढे त्या प्रश्नासाठी तुमच्याकडे आज काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयातून किंवा कोणत्या प्रयोगशाळेतून मिळेल, ते लिहा. उणीव लपवू नका. "माझं संख्याशास्त्र कच्चं आहे आणि त्यासाठी हा अनिवार्य विषय मला हवा आहे" हे प्रामाणिक वाक्य अर्जाला बळकटीच देतं.

नंतर तो प्रश्न बदलला तरी हरकत नाही. प्रवेश समिती त्यातून तुमची विचार करण्याची रीत बघत असते.

## ४. पहिल्या सत्रातच हत्यारं हाताशी घ्या

- झोटेरो: संदर्भ साठवायला. पहिल्या लेखापासून वापरा. शेवटच्या महिन्यात दोनशे संदर्भ हाताने भरणं ही शिक्षा आहे.
- आर किंवा पायथन: आकडेवारीच्या विश्लेषणासाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषा. दोन्हीपैकी एकच घ्या. विभागात जे जास्त चालतं ते निवडा, म्हणजे अडल्यावर विचारायला कुणीतरी असतं.
- क्यूजीआयएस: नकाशे आणि भौगोलिक विश्लेषणासाठी.
- ओपनएलसीए: जीवनचक्र मूल्यांकनाकडे जाणार असाल तर. सॉफ्टवेअर मोफत आहे, पण इकोइन्व्हेंटसारख्या विदासंचाला (तयार डेटाच्या संग्रहाला) परवाना लागतो. तो विद्यापीठाकडे आहे का, हे विषय ठरवण्याआधी विचारा.
- क्षेत्रवही: जाड पुठ्ठ्याची आणि शिवलेली. पेन्सिलने लिहा. पाणी पडलं की शाई पसरते, शिसं राहतं.

एक्सेल वापरायला हरकत नाही, फक्त मूळ आकड्यांची फाइल कधीच बदलू नका. ती "कच्ची" म्हणून बाजूला ठेवायची आणि सगळं काम तिच्या प्रतीवर करायचं. प्रतीतली एखादी ओळ चुकून पुसली गेली तर मूळ शाबूत असतं.

## ५. प्रश्न लहान करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "नदीचं प्रदूषण" हा विषय झाला, प्रश्न नाही. त्याला चार प्रश्नांच्या चाळणीतून काढा: काय मोजणार, कुठे, केव्हा आणि कशाच्या तुलनेत?

चाळून झाल्यावर तोच विषय असा दिसतो: "सांडपाण्याचा नाला ओढ्याला मिळतो त्या जागेच्या वरच्या बाजूला आणि खाली २०० मीटर, ५०० मीटर, १ किलोमीटर, २ किलोमीटर अंतरावर, कमी प्रवाहाच्या दोन महिन्यांत, पहाटे मोजलेला विद्राव्य ऑक्सिजन किती घसरतो आणि कुठे पूर्ववत होतो?" असा प्रश्न हातात आला की बाटल्या किती लागतील, किती फेऱ्या होतील, तेही मोजता येतं. शिवाय त्याच्या पाठीशी सिद्धांत आहे. सांडपाण्याखाली ऑक्सिजन आधी घसरतो आणि मग हवेतून पुन्हा भरून निघतो, ही वक्ररेषा स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्येच समीकरणात मांडली होती. तुमचे आकडे तिच्यावर ठेवून बघता येतात.

प्रश्न ठरला असं वाटलं की अजून एक कसोटी लावा. निकालाचं कोष्टक आकडे न भरता कागदावर आखा: स्तंभ कोणते, ओळी किती, कोणत्या दोन रकान्यांची तुलना करायची. कोष्टक आखताच येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे. आणि निकाल अपेक्षेच्या उलट आला, तरी सांगण्यासारखं काही उरतं का? उरत नसेल तर तो प्रश्न धोक्याचा. चांगल्या प्रश्नाला "नाही" हेही उत्तर चालतं.

## ६. मार्गदर्शक

नावाजलेल्या प्राध्यापकांपेक्षा, तुमच्या पद्धतीत ज्यांचा हात बसलेला आहे आणि ज्यांना वेळ आहे असे मार्गदर्शक शोधा. त्यांच्या आधीच्या एक-दोन विद्यार्थ्यांशी बोला. प्रकरण वाचून किती दिवसांत परत येतं, एवढंच विचारा.

पहिल्या भेटीला एका पानाचा आराखडा न्या: प्रश्न, पद्धत, लागणारी साधनं, महिनावार वेळापत्रक. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरलं त्याचा चार ओळींचा ईमेल करा. पुढे "आपण हे ठरवलंच नव्हतं" अशी वेळ आली तर त्या ओळी तुमच्या कामी येतात.

## ७. परवानग्या आधी, विदा नंतर

माणसांना प्रश्न विचारणार असाल तर संशोधन-नीती समितीची मंजुरी आधी लागते. मंजुरीपूर्वी घेतलेल्या मुलाखती कितीही चांगल्या असल्या तरी वापरता येत नाहीत आणि मागाहून मंजुरी मिळत नाही. संरक्षित क्षेत्र, खाजगी जमीन, वन्य जीवांचे किंवा वनस्पतींचे नमुने, ड्रोन, या प्रत्येकाची परवानगी वेगळी आणि ती देणारे बहुधा वेगळे. आराखडा मंजूर झाल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. नमुने सीमेपलीकडे न्यायचे असतील तर मातीसाठीसुद्धा कागद लागतात.

## ८. मोजमाप: चुका इथेच होतात

पाणी. ओढ्यात उतरून नमुने घ्यायचे असतील तर सर्वात खालच्या ठिकाणापासून सुरुवात करा आणि प्रवाहाच्या उलट दिशेने वर जा. वरून खाली आलात तर तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येतो. तोंड प्रवाहाकडे ठेवून उभे राहा आणि बाटली शरीराच्या पुढे धरा.

विद्राव्य ऑक्सिजन दिवसभर बदलत राहतो. शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, रात्री फक्त घेतात. त्यामुळे पहाटे तो सर्वात कमी आणि दुपारी सर्वात जास्त असतो. एक ठिकाण सकाळी सातला आणि दुसरं दुपारी तीनला मोजलंत, तर दिसलेला फरक घड्याळाचा असू शकतो, नाल्याचा नाही. तापमानही सोबत नोंदवा: २० अंश सेल्सिअसला संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. निव्वळ मिलिग्रॅमचे आकडे ताडण्यापेक्षा संपृक्ततेची टक्केवारीही काढा.

विद्राव्य ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची विंकलर पद्धत एकदा हाताने करून बघाच, मीटर असला तरी. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली काठोकाठ भरायची. बुडबुडा एकही राहता कामा नये. मग पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचं. बूच लावून बाटली अनेकदा उलटीसुलटी करायची. तपकिरी साका धरला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका अर्ध्यावर बसला की पुन्हा हलवून बसू द्यायचा आणि मग १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. साका विरघळून पाणी पिवळं-तपकिरी होतं. एवढं ओढ्याकाठीच उरकलं की नमुना "बांधला" गेला. अंधारात ठेवला तर अनुमापन (टायट्रेशन) काही तासांनी केलं तरी चालतं. प्रयोगशाळेत ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचा. येणारा निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचं. मूळ नमुन्याचे २०० मिलिलिटर घेतले असतील, तर खर्ची पडलेलं प्रत्येक मिलिलिटर थायोसल्फेट म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. स्टार्च फार लवकर घातला तर तो आयोडिनला घट्ट धरून ठेवतो आणि शेवटचा बिंदू लांबतो. नवखे इथेच चुकतात. आम्ल तीव्र असतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा ओढ्याकाठीही हवेतच.

बाकीच्या घटकांसाठी बाटली आणि जतन वेगवेगळं असतं:

- बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन खातात, त्याचं माप): बर्फात, अंधारात, शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत चाचणी सुरू. २० अंशांना ५ दिवस. शेवटी किमान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन उरला पाहिजे आणि किमान २ मिलिग्रॅम खर्ची पडला पाहिजे, नाहीतर तो निकाल बाद. म्हणून एकाच नमुन्यात कमी-जास्त पाणी मिसळून दोन-तीन विरलनं लावा.
- नायट्रेट: ४ अंशांना थंड, ४८ तासांच्या आत.
- विरघळलेले धातू: आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, मगच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. क्रम उलटा केला तर आम्ल गाळाच्या कणांवरचे धातू सोडवतं आणि आकडा उगाच फुगतो.

दर फेरीला एक क्षेत्र-ब्लँक न्या: शुद्ध पाण्याने भरलेली बाटली, जी बाकीच्यांसारखीच उघडायची, त्यात तीच रसायनं घालायची आणि सोबत परत आणायची. तिच्यात नायट्रेट सापडलं तर ते ओढ्याचं नव्हे, तुमच्या हाताळणीचं. दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागची दुसरी बाटली, घ्या. पीएच मीटर रोज सकाळी, निदान दोन बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर), ताळ्यावर आणा.

उपग्रहाची चित्रं. लँडसॅटची चित्रं जुन्या काळापासूनची, १९७२ पासून, पण ३० मीटर तपशिलाची १९८२ पासून. सेंटिनेल-२ ची १० मीटरची, पण २०१५ पासूनच. दोन्ही मोफत. हिरवाई पाहायला एनडीव्हीआय वापरतात: निकट-अवरक्त वजा लाल, भागिले त्यांची बेरीज.

यात एक खोल खड्डा आहे. सेंटिनेल-२ च्या फाइलींमधले आकडे आधी १०,००० ने भागले की परावर्तन (जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशाचा हिस्सा) मिळायचं. जानेवारी २०२२ मध्ये प्रक्रियेची नवी आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात १,००० मिळवलेले असतात. ते आधी वजा करून मग भागायचं. समजा निकट-अवरक्त ३,००० आणि लाल ५०० आहे. एनडीव्हीआय येतो ०.७१. तीच जमीन, तीच झाडं, पण वजाबाकी न करता ४,००० आणि १,५०० घेतले तर उत्तर ०.४५. म्हणजे झाडाचं पानही हललेलं नाही आणि तुमच्या आलेखात २०२२ मध्ये हिरवाई कोसळलेली दिसते. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन साधनात "हार्मोनाइज्ड" नावाचा संच घेतला की हे आपोआप जुळतं. लँडसॅटच्या कलेक्शन-२ मधल्या पृष्ठ-परावर्तनालाही गुणक ०.००००२७५ आणि मग वजा ०.२ लावावं लागतं.

क्षेत्रफळ काढताना थर अक्षांश-रेखांशात असेल तर उत्तर "चौरस अंशांत" येऊ शकतं आणि त्याला काहीच अर्थ नसतो. आधी योग्य यूटीएम पट्ट्यात (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत) किंवा समक्षेत्र प्रक्षेपणात आणा. आणि वर्षांची तुलना करताना ऋतू एकच ठेवा. पावसानंतरचं एक चित्र आणि कोरड्या महिन्यातलं दुसरं लावून जंगलतोड सिद्ध होत नाही.

जीवनचक्र आणि कार्बनचा हिशोब. आयएसओ १४०४० आणि १४०४४ नुसार चार टप्पे: उद्देश आणि व्याप्ती, यादी, परिणामांचं मूल्यांकन, अर्थ लावणं. सगळी मेख कार्यात्मक एककात, म्हणजे कोणत्या कामाच्या मापाने तुलना करायची त्यात, आहे. काचेची एक बाटली आणि प्लास्टिकची एक बाटली अशी तुलना चुकीची. "१,००० लिटर पेय ग्राहकापर्यंत पोहोचवणं" अशी तुलना बरोबर, कारण आता बाटलीचा आकार, वजन आणि काच किती वेळा पुन्हा भरली जाते, हे सगळं हिशोबात येतं. पुन्हा भरण्याची संख्या बदलून निकाल तपासा. बऱ्याचदा तिच्यावरच पारडं फिरतं.

हरितगृह वायू एकत्र करताना गुणक (तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) एकाच अहवालातले घ्या. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनचा गुणक आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चौथ्या अहवालात २५, पाचव्यात २८, आणि सहाव्यात जीवाश्म स्रोताला २९.८ तर इतर स्रोतांना २७.० आहे. नायट्रस ऑक्साइडचे अनुक्रमे २९८, २६५ आणि २७३. मिथेनला एका अहवालाचा आणि नायट्रस ऑक्साइडला दुसऱ्याचा गुणक लावला गेला की बेरीज चुकते, आणि ही चूक कोष्टकात वरवर पाहून दिसत नाही. संस्थेचा हिशोब करत असाल तर व्याप्ती १ (स्वतःचं थेट उत्सर्जन), २ (विकत घेतलेल्या ऊर्जेचं) आणि ३ (पुरवठादार-ग्राहकांसह बाकीचं) यांच्या सीमा पहिल्याच पानावर लिहून काढा.

सर्वेक्षण. "३८५ लोक घेतले म्हणजे झालं" हा समज फार पसरलेला आहे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के चुकीसाठी तो आकडा येतो खरा, पण लोक यादृच्छिक पद्धतीने निवडले असतील तरच. ओळखीच्यांच्या गटात फॉर्म पाठवून ३८५ उत्तरं आली, तर ती फक्त त्या गटाची मतं असतात. प्रश्नावली आधी दहा-पंधरा जणांवर चालवून बघा. "कचरा वेगळा करणं महत्त्वाचं वाटतं का?" याला सगळेच हो म्हणतात. "काल तुमच्या घरातला ओला कचरा कुठे टाकला?" याचं उत्तर कामाचं असतं.

## ९. विश्लेषण

एकाच जागी एकाच वेळी भरलेल्या दहा बाटल्या म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. त्यांतून त्या जागेचा आकडा पक्का होतो, पण "नाल्याखालचे ओढे" असा निष्कर्ष निघत नाही. त्यासाठी वेगवेगळे ओढे हवेत. परिसंस्थांचे अभ्यासक हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हटलं आणि आजही परीक्षक पहिल्यांदा हीच शोधतात.

यंत्राच्या मोजमापमर्यादेखालचे आकडे शून्य धरू नका आणि गाळूनही टाकू नका. "मर्यादेखाली" म्हणून नोंदवा, मर्यादा किती ते लिहा आणि हाताळणीची पद्धत सांगा.

एककं पुन्हा पुन्हा तपासा. नायट्रेट दोन प्रकारे लिहितात: पूर्ण नायट्रेट म्हणून, किंवा त्यातल्या नायट्रोजनपुरतं. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची ५० मिलिग्रॅमची मर्यादा पूर्ण नायट्रेटसाठी आहे. प्रयोगशाळेने १५ मिलिग्रॅम "नायट्रोजन म्हणून" कळवलं असेल, तर ते ६६ मिलिग्रॅम नायट्रेट होतं. एककाकडे दुर्लक्ष झालं तर पिण्याला अयोग्य पाणी तुम्ही सुरक्षित ठरवाल, आणि ते पाणी कुणीतरी पीत असतं.

## १०. लेखन आणि जमा करणं

पद्धतीचं प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच लिहा. यंत्राचं मॉडेल, गाळणीचा आकार, बर्फात ठेवल्याची वेळ, हे तीन महिन्यांनी आठवत नाही. मग निकाल, मग चर्चा. प्रस्तावना सर्वात शेवटी. मर्यादांचा भाग नेमका लिहा: "वेळेअभावी" न म्हणता "फक्त कमी प्रवाहाचे दोन महिने मोजले, त्यामुळे पुराच्या काळाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही" असं.

प्रबंधातून शोधनिबंध काढायचा असेल तर एका दिवसात स्वीकृती देणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून सावध राहा. मार्गदर्शकांना आणि ग्रंथपालांना विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका.

विदाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. सोबत एक साधी मजकूर फाइल: प्रत्येक स्तंभाचं नाव, एकक, मोजमापाची पद्धत. क्षेत्रवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. उरलेले नमुने, जे टिकतात तेवढे, लेबलवर तारीख आणि ठिकाण घालून मौखिक परीक्षा होईपर्यंत फेकू नका. परीक्षकांनी एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं, तर तो पुन्हा मोजून दाखवता येतो.